अग्रलेखकार आणि शिपाई : सी. ई. मॉन्टेग्यू यांचे जीवन

मॉन्टेग्यू हे नाव ऐकले की आपल्या विद्यार्थ्यांना इतिहासाच्या पुस्तकातील माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आठवतात. 1917 ते 1922 या काळात भारतमंत्री असलेले एडविन माँटेग्यू ते. त्या सुधारणांच्या निमित्ताने नेमलेल्या साउथबरो समितीपुढे 1919 साली पूज्य बाबासाहेबांनी साक्ष दिली, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. प्रस्तुत लेखातील मॉन्टेग्यू मात्र वेगळे. त्यांचे पूर्ण नाव चार्ल्स एडवर्ड मॉन्टेग्यू. ते कोणत्याही खात्याचे मंत्री नव्हते. इंग्लंडच्या उत्तरेकडील एका गिरणगावात निघणाऱ्या वृत्तपत्रात पस्तीस वर्षे अग्रलेख लिहिणारे ते पत्रकार होते. वाचक बंधू-भगिनींना ते अपरिचित असणार, याची आम्हांला कल्पना आहे. तरीही आमच्या स्मरणिकेच्या विद्यार्थी वाचकांसाठी आम्ही हाच विषय घेतला, याचे कारण असे की शांततेची बाजू घेणाऱ्या लेखकाने युद्ध सुरू झाल्यावर काय करावे, या प्रश्नाचे उत्तर या माणसाने कागदावर न देता स्वतःच्या देहाने दिले. ते उत्तर सर्वांना पटेल असे नाही. आम्हांलाही ते पूर्णपणे पटलेले नाही.

प्रथम त्या गावाविषयी आणि त्या वृत्तपत्राविषयी. मँचेस्टर हे नाव मुंबईच्या लालबाग-परळमधील जुन्या माणसांना नवीन नाही. तेथील कापडाने आपल्या विणकरांचे हातमाग बसवले आणि तेथील गिरणीमालकांच्या दडपणामुळेच 1896 पासून हिंदी गिरण्यांच्या कापडावर जकातीला तोड म्हणून अबकारी कर बसला. 16 ऑगस्ट 1819 रोजी याच मँचेस्टरमध्ये सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर मताधिकारासाठी जमलेल्या निःशस्त्र कामकरी लोकांवर घोडेस्वार सोडण्यात आले. तलवारी चालल्या, माणसे मेली, शेकडो जखमी झाली. पीटरलूचे हत्याकांड ते हेच. त्या घटनेनंतर दोन वर्षांनी, 5 मे 1821 रोजी, जॉन एडवर्ड टेलर यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ सुरू केले. प्रारंभी ते साप्ताहिक होते, 1855 पासून दैनिक झाले. पैसा कापसाच्या व्यापाऱ्यांचा होता, आणि तो कापूस अमेरिकेतील गुलामांच्या श्रमाचा होता, हेही येथे सांगितले पाहिजे. पुढे 2023 साली या वृत्तपत्राच्या मालक न्यासाने संस्थापकांच्या या संबंधांबद्दल जाहीर माफी मागितली. दोनशे वर्षांनी का होईना, मागितली. आपल्याकडील कित्येक जुन्या संस्थांना अशी बुद्धी अजून व्हायची आहे.

लंडनच्या लोकांच्या दृष्टीने हे ‘प्रांतिक’ पत्र. राजधानीत जी पत्रे निघत ती राष्ट्राची, आणि बाहेर निघत ती प्रांताची, असा तेव्हा समज होता. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या पत्रांना एक मान आणि नांदेड-अमरावतीच्या पत्रांना दुसरा, असे चालत आलेच आहे. पण सी. पी. स्कॉट हे 1872 साली संपादक झाले आणि 1929 पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. या सत्तावन्न वर्षांत मँचेस्टरला काय छापून आले आहे याकडे लंडनच्या मंत्र्यांना लक्ष द्यावे लागू लागले.

मॉन्टेग्यू यांचा जन्म 1 जानेवारी 1867 चा, लंडनमधला. वडील आयरिश, ते रोमन कॅथलिक पंथाचे धर्मगुरू होते आणि विवाहासाठी त्यांनी ते पद सोडले होते. स्वतःला पटेल ते करावे आणि त्याची किंमत द्यावी, ही रीत घरातच होती असे म्हणावयास हरकत नाही. सिटी ऑफ लंडन स्कूल, नंतर ऑक्सफर्डचे बॅलिओल कॉलेज, असे त्यांचे शिक्षण झाले. बुडणाऱ्या माणसाला वाचविल्याबद्दल त्यांना रॉयल ह्यूमेन सोसायटीचे पदकही मिळाले होते. गिर्यारोहणाचा त्यांना फार नाद. आल्प्सच्या कड्यांवर चढणारा हा माणूस 1890 साली स्कॉट यांच्या नजरेस आला आणि मँचेस्टरला दाखल झाला. 1898 मध्ये स्कॉट यांची कन्या मॅडलिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पुढे सात मुले झाली.

स्कॉट 1895 ते 1906 पार्लमेंटचे सभासद होते. ते लंडनला असले की कचेरीतील बराचसा भार मॉन्टेग्यू यांच्यावर येई. अग्रलेखांवर नाव नसे. नाट्यपरीक्षणांखाली फक्त आद्याक्षरे असत. रात्री उशिरा तार येणार, त्यावर तासा-दीड तासात मजकूर लिहून छपाईला द्यायचा, सकाळी गिरणीचा भोंगा वाजण्यापूर्वी अंक रस्त्यावर गेला पाहिजे. आजच्या विद्यार्थ्यांना हे सारे जुनाट वाटेल. पण घाईत लिहूनही शब्दाची जबाबदारी घ्यावयाची, हा त्या धंद्याचा खरा कस आहे, आणि तो कस यंत्रे बदलल्याने बदलत नाही.

या कसाची पहिली परीक्षा 1899 साली आली. ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले. सारे इंग्लंड युद्धज्वराने पेटले होते. ‘गार्डियन’ने मात्र हे युद्ध अन्यायाचे आहे, सोन्याच्या खाणींच्या मालकांचा त्यात हात आहे, अशी भूमिका घेतली. अर्थशास्त्रज्ञ जे. ए. हॉब्सन यांना वृत्तपत्राने आफ्रिकेत वार्ताहर म्हणून पाठविले होते. साम्राज्यवादावरील त्यांचा पुढे गाजलेला ग्रंथ याच अनुभवातून आला. संपादकीय विभागात मॉन्टेग्यू यांच्याबरोबर एल. टी. हॉबहाउस होते. त्यांची बहीण एमिली हॉबहाउस यांनी ब्रिटिश छावण्यांत कोंडलेल्या बोअर स्त्रियांची व मुलांची स्थिती 1901 मध्ये जगापुढे आणली. त्या छावण्यांत सव्वीस हजारांहून अधिक बोअर स्त्रिया व मुले मरण पावली. काळ्या आफ्रिकी लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या, तेथेही हजारो माणसे मेली. पण त्यांची मोजदाद नीट कोणी ठेवली नाही आणि त्यांच्यासाठी इंग्लंडात फारसा आवाजही उठला नाही. शांततावाद्यांच्या करुणेलाही रंगाची कुंपणे असू शकतात, ही गोष्ट अभ्यासकांनी नजरेआड करू नये.

युद्धाला विरोध केल्याची किंमत वृत्तपत्राला मोजावी लागली. वाचक तुटले, खप उतरला, जाहिरातदार रागावले. कचेरीला व संपादकाच्या घराला पोलिसांचे संरक्षण द्यावे लागले. परंतु लेखणी वळली नाही. मॉन्टेग्यू यांच्या नावाशी शांततेची चळवळ जोडली गेली ती या काळात. मात्र एक भेद आम्ही स्पष्ट करू इच्छितो. कोणत्याही कारणासाठी शस्त्र हाती धरणार नाही, असे म्हणणारे ते शांततावादी नव्हते. त्यांचा विरोध त्या विशिष्ट युद्धाला व त्यामागील लोभाला होता.

मधल्या काळातील एका पुस्तकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. 1910 साली त्यांची ‘अ हाइंड लेट लूज’ ही कादंबरी आली. तिचा नायक एक पत्रकार आहे. तो एकाच गावातील दोन परस्परविरोधी पत्रांना अग्रलेख पुरवतो. सकाळी ज्या मताचा कैवार घ्यायचा त्याच मताचे दुसऱ्या पत्रात वाभाडे काढायचे, आणि दोन्हीकडून पगार घ्यायचा! गंमत अशी की दोन्ही मालकांना आपलाच लेखक खरा प्रामाणिक वाटतो. निवडणुकीच्या दिवसांत आपली वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ही गोष्ट फारशी कल्पित वाटणार नाही.

आता 1914 सालाकडे वळू. ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत ‘गार्डियन’ शेवटपर्यंत लिहीत होते की इंग्लंडने तटस्थ राहावे. 4 ऑगस्ट रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. बेल्जियमवर आक्रमण झाले होते. मॉन्टेग्यू यांचे मत येथे बदलले. एकदा युद्धात पडल्यावर ते जिंकलेच पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. असे मतपरिवर्तन त्या आठवड्यात इंग्लंडच्या हजारो उदारमतवादी माणसांचे झाले आणि त्यांतील बहुतेकांनी टेबलाशी बसून इतरांच्या मुलांना सैन्यात भरती होण्याचे आवाहन केले. मॉन्टेग्यू यांना ते जमेना. जो दुसऱ्याला जा म्हणतो त्याने आधी स्वतः गेले पाहिजे, एवढा साधा त्यांचा हिशेब होता.

हिशेब साधा, पण वय सत्तेचाळीस. घरी सात मुले. डोक्यावरचे केस पांढरे झालेले. रॉयल फ्युझिलियर्स पलटणीच्या ‘स्पोर्ट्समन्स बटालियन’मध्ये पंचेचाळीस वर्षांपर्यंतची माणसे घेत होते. मॉन्टेग्यू यांनी केसांना काळा कलप लावला, वय कमी सांगितले आणि 1914 च्या डिसेंबरात साधे शिपाई म्हणून भरती झाले. हेन्री नेव्हिन्सन या प्रसिद्ध वार्ताहराने यावर म्हटले होते की भीतीने एका रात्रीत केस पांढरे झाल्याच्या कथा आपण ऐकतो, पण धैर्यामुळे एका रात्रीत केस काळे झालेला हाच एक माणूस. विनोद छान आहे. परंतु विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. बातमीत खोटे छापू नये म्हणून आयुष्य वेचणाऱ्या माणसाने भरतीच्या कागदावर खोटे वय लिहिले. स्वतःच्या फायद्यासाठी वय चोरणारे आपण रोज पाहतो. मरणाच्या जागी जाता यावे म्हणून वय चोरणाऱ्याला कोणत्या मापाने मोजावे? याचे उत्तर प्रत्येकाने आपल्याशी शोधावे.

1915 मध्ये सरावात हातबॉम्बच्या अपघातात ते जखमी झाले. बरे होऊन त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्सला गेले, सार्जंट झाले, चिखलाने भरलेल्या खंदकांत राहिले. पण शरीर साथ देईना. 1916 मध्ये त्यांना अधिकारी करून मुख्यालयाच्या गुप्तवार्ता खात्यात घेण्यात आले. काम दोन प्रकारचे होते. आघाडी पाहायला येणाऱ्या बड्या पाहुण्यांना फिरवून आणायचे. बर्नार्ड शॉ, एच. जी. वेल्स असे लेखक त्यांत होते. मॉन्टेग्यू यांना तोफगोळ्यांची भीती नव्हती, त्यामुळे पाहुण्यांना ते कित्येकदा नको तितके पुढे नेत, अशी त्यांची ख्याती होती. दुसरे काम अधिक अवघड. युद्धवार्ताहरांनी लिहिलेला मजकूर तपासायचा, म्हणजे सेन्सॉर व्हायचे. पंचवीस वर्षे ज्याने लिहिण्याच्या स्वातंत्र्यासाठी झगडा केला, त्याच्याच हातात निळी पेन्सिल आली.

ब्रिटिश आघाडीवर अधिकृत वार्ताहर अगदी मोजके होते. फिलिप गिब्ज, बीच टॉमस, पर्सिव्हल फिलिप्स ही त्यांतील नावे. त्यांना मोटार मिळे, राहायला चांगला वाडा मिळे, बरोबर अधिकारी असे. सैनिक कुजत होते ती जागा तेथून दूर होती. 1 जुलै 1916 रोजी सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे सुमारे 57 हजार लोक जायबंदी वा ठार झाले. त्यांतील मृतच 19 हजारांहून अधिक. आणि इंग्लंडातील वर्तमानपत्रांत आले ते असे, की दिवस चांगला गेला. बीच टॉमस यांनी पुढे कबूल केले की त्या वेळी आपण जे लिहिले त्याची आपल्याला मनापासून लाज वाटते. युद्धानंतर त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली होती.

याच लढाईत आपल्याकडील डेक्कन हॉर्स हे घोडदळही 14 जुलै 1916 रोजी लढले. हिंदी सैनिकांची घरी जाणारी पत्रे फ्रान्समधील बुलोन येथे उघडून वाचली जात आणि त्यांचे उतारे वरिष्ठांना सादर केले जात. त्या नोंदींमुळेच आज त्या शिपायांचे शब्द आपल्याला वाचावयास मिळतात. सेन्सॉरने दाबण्यासाठी जे जपले ते इतिहासाच्या कामी आले, असाही योग कधी येतो.

मॉन्टेग्यू यांनी या सर्व अनुभवावर 1922 साली ‘डिसएन्चांटमेंट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. भ्रमनिरास असा त्याचा अर्थ. पहिल्या महायुद्धाविषयी निराशेने लिहिलेली पुस्तके पुढे 1928-29 नंतर पुष्कळ आली. हे त्यांच्या कितीतरी आधीचे. 1914 मध्ये स्वखुशीने आलेली माणसे कशी होती, त्यांना आडमुठ्या शिस्तीने, वशिल्याने आणि आळशी अधिकाऱ्यांनी कसे थकवले, हे त्यांनी शांतपणे लिहिले आहे. पण आमच्या मते पुस्तकाचा गाभा वर्तमानपत्रांविषयीच्या भागात आहे. लढाईतून जिवंत परत आलेला शिपाई जेव्हा त्याच लढाईचे आनंदी, खेळकर वर्णन पेपरात वाचतो तेव्हा त्याच्या मनात काय होते? तो त्या एका बातमीवर चिडून थांबत नाही, त्याचा छापील शब्दावरचाच विश्वास उडतो.

त्यांनी दिलेले एक उदाहरण फार बोलके आहे. 1917 च्या एप्रिलात इंग्रजी पत्रांनी बातमी पसरवली की जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची प्रेते कारखान्यात उकळून चरबी काढतात. 1918 च्या शरदात बेलिकूर येथील कालव्याच्या बोगद्याजवळची जागा हाती आली. तेथे जर्मनांच्या स्वयंपाकाच्या कढया होत्या आणि प्रेतेही होती. झाले! हाच तो कारखाना, असे म्हणावयास वेळ लागला नाही. पण एका ऑस्ट्रेलियन सैनिकाने सगळीकडे नीट फिरून पाहणी केली. छताला पडलेले भोक पाहिले, जखमा पाहिल्या आणि ओळखले की स्वयंपाकघरावर तोफगोळा पडून ही माणसे मेली आहेत. म्हणजे पेपरवाल्यांनी हेही खोटेच सांगितले होते तर, असे म्हणून तो निघून गेला. ऐकीव गोष्टीवर न जाता स्वतः येऊन पाहावे, तपासावे, मग स्वीकारावे वा नाकारावे, हे आपल्या संस्थेच्या वर्गात आपण वारंवार शिकवतो. तो अनाम शिपाई कोणत्याही वर्गात न बसता तेच करून गेला.

ही प्रेतांच्या कारखान्याची बातमी खोटी होती, हे ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात मान्य केले ते 1925 च्या डिसेंबरात. पण खोट्याचा हिशेब तेथे मिटला नाही. 1942 साली नाझींनी चालविलेल्या ज्यूंच्या संहाराची खरी वार्ता बाहेर येऊ लागली, तेव्हा कित्येकांनी ती मागच्या युद्धातल्यासारखीच अफवा समजून झटकून टाकली. पंचवीस वर्षांपूर्वी खोटे लिहिणाऱ्यांनी खऱ्या मृतांची साक्ष आधीच कमकुवत करून ठेवली होती.

मॉन्टेग्यू यांच्यावर आमचा एक आक्षेप आहे. पुस्तकात ते स्वतःबद्दल फार थोडे बोलतात. वार्ताहरांचा सूर सैनिकांना कसा झोंबला ते सांगतात. पण तो मजकूर ज्याच्या टेबलावरून पुढे गेला तो अधिकारी आपणही होतो, याचा झाडा ते देत नाहीत. 1916-17 मध्ये म्यूरहेड बोन या चित्रकाराच्या युद्धचित्रांना जोडून त्यांनी सरकारी प्रकाशनासाठी मजकूरही लिहिला होता. त्या यंत्राचे एक चाक तेही होते. त्याच काळात युद्धाला शेवटपर्यंत नकार देणारे लोकही इंग्लंडात होते. 1916 मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाल्यावर सुमारे 16 हजार तरुणांनी सदसद्विवेकाच्या आधारे लढण्यास नकार दिला आणि त्यांतील हजारो तुरुंगात गेले. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांना 1918 मध्ये युद्धविरोधी लेखाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. रसेल आणि मॉन्टेग्यू, दोघांनीही स्वतःची कातडी वाचवली नाही. तुरुंगात गेलेल्याला खोट्या बातमीवर सही करावी लागली नाही, एवढा फरक मात्र राहतो. खंदकात गेलेल्याने सैनिकाचे दुःख जितके जवळून पाहिले तितके तुरुंगात गेलेल्याला पाहता आले नाही, हेही तितकेच खरे.

युद्ध संपल्यावर मॉन्टेग्यू मँचेस्टरच्या त्याच कचेरीत परतले. पराभूत जर्मनीशी सूडाने वागू नये, असा त्यांचा आग्रह होता. व्याप्त कोलोन शहरात इंग्रज शिपायांना उपाशी जर्मन मुले पाहवेनात आणि ते आपल्या शिध्यातले त्यांना देऊ लागले. ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांच्यात द्वेष उरला नव्हता, तो उरला होता घरी बसून लिहिणाऱ्यांत. 1921 साली वृत्तपत्राला शंभर वर्षे झाली तेव्हा स्कॉट यांनी बातमी आणि मत यांची सरमिसळ होऊ न देण्याविषयी एक लेख लिहिला. तो पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावयास लावतात. सासऱ्यांच्या त्या लेखाशेजारी जावयाचे 1922 चे पुस्तक ठेवून वाचले तर दोन्ही अधिक चांगली कळतात, असे आम्हांला वाटते. आपल्याकडे त्याच सुमारास, 31 जानेवारी 1920 रोजी, ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला होता. त्याचे आर्थिक बळ मँचेस्टरच्या पत्राच्या पासंगालाही पुरले नसते.

1925 च्या अखेरीस मॉन्टेग्यू निवृत्त झाले आणि ऑक्सफर्डशायरमधील बर्फर्ड या गावी राहावयास गेले. ‘रफ जस्टिस’ आणि ‘राइट ऑफ द मॅप’ या कादंबऱ्या 1926 व 1927 मध्ये आल्या. दुसरीत दोन कल्पित देशांत सोन्यापायी पेटवलेल्या युद्धाची कथा आहे. बोअर युद्धाच्या वेळी लिहिलेले अग्रलेख त्यांच्या मनातून गेले नव्हते, असे दिसते. 28 मे 1928 रोजी मँचेस्टर येथे त्यांचे निधन झाले. वय एकसष्ट.

त्यांचा एक मुलगा एव्हलिन ऑब्री मॉन्टेग्यू 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत सहावा आला होता. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा 1981 चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातील ऑब्री मॉन्टेग्यू हे पात्र आठवेल. पुढे तोही ‘मँचेस्टर गार्डियन’मध्येच पत्रकार झाला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच पत्राचा युद्धवार्ताहर म्हणून उत्तर आफ्रिकेत गेला. या वेळी मजकूर लिहिणारा मॉन्टेग्यू होता, आणि निळी पेन्सिल दुसऱ्याच्या हातात होती.